कोबीला परवानगी आहे

नैरोबी
१२ एप्रिल २०२०

बाबा,

आज ईस्टर, आणि मी तुमच्या चुलीपाशी नाही. सकाळी फोनवर मी बेंबीच्या देठापासून ओरडत होते. शेजारच्या तिन्ही बिऱ्हाडांना ते ऐकू गेलं, तुम्ही मात्र ‘हो हो, पाऊस चांगला आहे’ म्हणालात आणि फोन ठेवून दिलात. म्हणून हे पत्र.

तुम्ही विचाराल म्हणून सांगते, मी आले नाही कारण येऊ देत नाहीत. या साथीपायी नैरोबीभोवती पोलिसांचे नाके बसलेत. आतला माणूस बाहेर जायचा नाही, बाहेरचा आत यायचा नाही. फक्त माल चालतो. किमोथोचा ट्रक तुमच्याकडून आठवड्याला कोबी आणतो आणि रिकामा परततो. मला वडिलांकडे जायला बंदी, आणि वडिलांच्या कोबीला परवानगी आहे. पत्र त्याच्याच हाती देते आहे.

शाळा बंद. चौथ्या मजल्यावर मी एकटी. समोरच्या गच्चीवर पाण्याच्या सतरा टाक्या आहेत, आणि त्यातली एक गळते हे मला आता घरच्या गोष्टीसारखं माहीत आहे. दिवसातून दोनदा जिना उतरते, फाटकाला हात लावते आणि परत चढते. गिथिंजी दादा तर कतारमध्ये एका खोलीत सहा जणांबरोबर अडकलाय, त्यामानाने मी सुखी म्हणायची.

काल मोम्बासाच्या फोटोंचा डबा काढला. तुमच्या रेल्वेच्या पासावर आपण आठ वर्षं गेलो, आणि दर वर्षी किनाऱ्यावरच्या फोटोवाल्याकडून एकच फोटो. १९८४ चा फोटो शोधते आहे. त्यात आईचा झगा हिरवा होता ना? आणि ती फोटोवाल्याकडे न बघता भलतीकडेच का बघत होती? त्याच वर्षी शोशो आजी आपल्याबरोबर गाडीत होती आणि अथी रिव्हर स्टेशनला उतरली. पोटात दुखलं म्हणून, असं तुम्ही सांगितलं होतं. मी तेव्हा नऊ वर्षांची. आता वाटतं, पोट दुखणारी म्हातारी एवढी ताठ कशी उभी होती?

तुमची,
न्याकियो


न्जाबिनी
१९ एप्रिल २०२०

आई न्याकियो,

पत्र मिळालं. त्याला कोबीचा वास मारत होता.

मी तुला आई म्हणतो याला तुझ्या शाळेतल्या शहरी मास्तरणी हसतात, असं तू मागे म्हणाली होतीस. हसू देत. माझ्या आईचं नाव तुला दिलं, तेव्हा तू माझी आईच. आपल्यात हे असंच असतं, त्यांच्यात काय असतं ते त्यांनी बघावं.

झगा पिवळा होता. हिरवा तिने १९८६ साली शिवला. चौतीस वर्षं मी लोकांची तिकिटं तपासली, मला रंग आणि तारखा शिकवू नकोस. लाव पैज.

आता कामाचं. अक्षर मोठं काढ आणि काळ्या शाईने लिही. कागदावर मुंग्या चालल्यासारखं लिहितेस. यंदा इकडे धुकं उठतच नाही. भर दुपारी अंगणात बसलो तरी फाटक दिसत नाही. डोळ्यांच्या दवाखान्याने २२ तारखेला बोलावलं होतं ते त्यांनी रद्द केलं, सगळ्यांचंच केलंय. त्यात काळजीचं काही नाही.

शोशोच्या पोटाची गोष्ट जुनी झाली. सोड ती.

तुझा बाप,
मुचिरी


नैरोबी
३ मे २०२०

बाबा,

घ्या, शाळेतल्या फळ्यावर लिहावं एवढं मोठं अक्षर काढलंय. एका पानात चारच ओळी मावतात, कागदात महाग पडणार तुम्ही.

किमोथोला धुक्याचं विचारलं. तो म्हणाला, कसलं धुकं, तिकडे लख्ख ऊन आहे, म्हातारा सकाळपासून उन्हातच बसलेला असतो. तुमच्यापैकी खोटं कोण बोलतंय ते मला कळेना. मग वाटलं, आई गेल्यापासून तुम्हाला ते घर तसं दिसत असेल. मलाही हल्ली आपली खोली सकाळपेक्षा संध्याकाळी लहान वाटते.

मी त्या सहलींवरच दिवस काढते आहे. संध्याकाळची गाडी, आईने उकडलेली अंडी आणि मक्याची कणसं, थर्मासातला चहा. गाडी सुटली की तुम्ही रजेवर असूनही डबाभर फिरून यायचात. आई म्हणायची, यांना समुद्र दाखवला तरी आधी त्याचं तिकीट मागतील. सकाळी वोईच्या पुढे लाल माती दिसली की दादा आणि मी खिडकीसाठी भांडायचो. कुठे जायचंय म्हणून भांडता येणं केवढं सुख होतं, बाबा. आता या खोलीत दोन खिडक्या आहेत आणि दोन्ही माझ्याच.

१९८४ चा फोटो सापडला, पाकिटात घातलाय. पैज आता तुम्हीच निकालात काढा, मी मुद्दाम बघितलेला नाही. तुमच्या अक्षरात पाकिटावर साल आहे, तेवढ्यावर घातला.

न्याकियो


न्जाबिनी
१० मे २०२०

आई,

फोटो नीट पाहिला. मी म्हणत होतो तेच. झगा पिवळा आहे. मागे समुद्र छान आलाय. गिथिंजीने नेहमीसारखे डोळे मिटलेत आणि तू माझ्या पायाला धरून उभी आहेस. पैज मी जिंकलो. नाके उठले की एक कोंबडा घेऊन ये.

फोटो मी ठेवून घेतो. रोज बघायला बरा आहे.

मुचिरी


नैरोबी
१७ मे २०२०

बाबा,

आज १९८४ चा फोटो माझ्या हातात आहे.

तो डब्याच्या तळाशी, माझ्या विद्यालयाच्या फोटोच्या पाकिटात होता. पैज तुम्ही जिंकलात, झगा पिवळाच आहे. पण मी तुम्हाला पाठवला तो मोम्बासाचा फोटो नाही. आईने कधीतरी पाकिटं उलटसुलट केली असणार. तुमच्याकडे आहे तो माझ्या अध्यापक विद्यालयातला. त्यात चार मास्तरणी काळ्या फळ्यापुढे उभ्या आहेत. त्यात समुद्र नाही, दादा नाही, तुम्ही नाही.

तुम्हाला काहीच दिसलं नाही. तरी तुम्ही मला रंगीबेरंगी वर्णन लिहून पाठवलंत.

उजवा डोळा चार वर्षांपूर्वी गेला. आता डावाही चाललाय का? दवाखान्याने २२ तारखेला फक्त बोलावलं होतं, की शस्त्रक्रियेची तारीख होती? धुकं हवेतलं आहे का डोळ्यातलं? माझी शपथ आहे, खरं लिहा. मला इथे बसून कल्पना करत राहायला लावू नका, मी त्यात फार तरबेज झाले आहे.

न्याकियो


न्जाबिनी
२४ मे २०२०

आई,

सापडलो. विनातिकीट प्रवासी पकडला गेला की आधी खिसे चाचपतो, तसे मी दोन दिवस चाचपले. आता खरं लिहितो.

पुठ्ठ्याला खाच पाडून त्यातून ओळ लिहितो आहे, ओळी एकमेकींवर चढल्या तर सांभाळून घे. तुझं पत्र मला वाचता आलं नाही. किमोथोने वाचलं. मला ऐकू यावं म्हणून तो कानाशी तोंड लावून ओरडतो, त्यामुळे तुझं पत्र आता मी, शेजारीण वाइरीमू आणि रस्त्यावरचे सगळे ऐकतात. बेताने लिहीत जा.

२२ एप्रिलला शस्त्रक्रिया होती. डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकून डोळ्याचा दाब वाढतोय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की लांबवू नका, आतली नस मेली की मोतीबिंदू काढूनही उपयोग नाही. उजव्याचं तसंच झालं होतं. तुला कळवलं नाही, कारण तू नाका चुकवून रानातून आली असतीस आणि पकडून तुला चौदा दिवस कुठल्यातरी वसतिगृहात कोंडलं असतं. लहानपणीही तू कुंपणं मोडायचीस.

मी गप्प बसलो नव्हतो. इथल्या अधिकाऱ्याकडे प्रवासाचा परवाना मागायला गेलो. तो म्हणाला, दवाखान्याच्या कागदावर २२ एप्रिल आहे, ती तारीख उलटली, नवीन तारखेचा कागद आणा. नवीन कागद दवाखान्यात जाऊनच मिळतो. मी भांडलो नाही. तारीख गेलेलं तिकीट म्हणजे तिकीट नव्हे, हे मी हजारो माणसांना सांगितलंय. त्यातले किती जण दवाखान्यात निघाले होते, ते मी कधी विचारलं नाही.

आणि तू विचारलंस ते. शोशोचं पोट दुखत नव्हतं.

पासावर बायको आणि मुलं एवढीच नावं असायची. आईवडील बसत नसत. गिथिंजीच्या आईने, म्हणजे तुमच्याच आईने, आणि तुम्ही पोरांनी मिळून तिला वरच्या बाकावर ब्लँकेटखाली लपवलं. तिला समुद्र बघायचा होता. गाडी सुटल्यावर मला ब्लँकेटबाहेर तिचे पाय दिसले. त्या दिवशी ड्युटीवर माझ्याच हाताखालचा ओडुओर होता. तो म्हणाला, ‘साहेब, मी काही पाहिलं नाही.’ मी तिला अथी रिव्हरला उतरवलं. तिचं गाठोडं मीच खाली ठेवलं आणि स्टेशन मास्तरला सांगितलं की परतीच्या गाडीत बसवा.

मी नियम पाळला, असं मी छत्तीस वर्षं स्वतःला सांगतोय. ते खोटं आहे. दंड भरून पावती घेतली असती तरी नियम पाळला गेला असता, आणि पैसे माझ्या खिशात होते. पण पावतीवर लिहिलं गेलं असतं की तिकीट तपासनीस मुचिरीची आई विनातिकीट सापडली. तेव्हा माझं बढतीसाठी नाव लागलं होतं. मी माझ्या आईला नियमासाठी नाही, नावासाठी उतरवलं.

गिथिंजीची आई त्या सुट्टीभर माझ्याशी बोलली नाही. फोटोत ती भलतीकडे बघते आहे ती त्यामुळे. पुढच्या वर्षी मी शोशोचं तिकीट काढून आणलं, तर ती म्हणाली, ‘समुद्र म्हणजे पाणीच ना, पाणी आपल्या विहिरीत आहे.’ मग ती कधीच आली नाही.

हे सगळं किमोथो ट्रकमध्ये बसून वाचेल. वाचू दे.

मुचिरी


नैरोबी
७ जून २०२०

बाबा,

दोन आठवडे लिहिलं नाही. आधी तुमच्यावर रागावले होते, मग शोशोसाठी रडले, मग कामाला लागले.

डॉक्टरीणबाईंना फोनवर गाठलं. परवापासून त्या पुन्हा शस्त्रक्रिया करणार आहेत. त्या म्हणाल्या, या महिन्याच्या आत या, जुलैची खात्री मी देत नाही. नव्या तारखेचा कागद माणूस समोर आल्याशिवाय देता येत नाही, तो त्यांचा नियम. म्हणजे परवान्यासाठी कागद हवा आणि कागदासाठी परवाना. मी तीनदा रडले, त्यांनी तीनदा सॉरी म्हटलं.

म्हणून आता ऐका. किमोथो तयार आहे. कोबीच्या गोण्यांमध्ये माणूस बसेल एवढी जागा तो ठेवेल, वर ताडपत्री टाकेल. नाक्यावर मागून कोणी उचकून बघत नाही. पाऊण तासाचा प्रश्न आहे. पलीकडे मी रिक्षा घेऊन उभी राहीन.

तुम्ही नाही म्हणणार, मला माहीत आहे. पण तुम्ही मला आई म्हणता ना? मग मी तुमची आई म्हणून सांगते आहे, ब्लँकेटखाली लपा. मी लपले होते.

न्याकियो


न्जाबिनी
१४ जून २०२०

आई,

शेवटचं वाक्य किमोथोने ओरडून नाही, हळू वाचलं, मला दोनदा विचारावं लागलं. वाइरीमू शालीचं टोक तोंडाला लावून घरात गेली.

बुधवारी येतो. पण ताडपत्रीखाली नाही. पुढे किमोथोच्या शेजारी बसेन, कोट घालेन, आणि नाक्यावर सांगेन की माझ्या कागदाची तारीख गेली आहे. सोडायचं की नाही ते समोरच्याने ठरवावं. मला कुणी ‘मी काही पाहिलं नाही’ म्हटलेलं नको आहे. तू याला म्हातारचळ म्हणशील. म्हण.

डावा डोळा आता उजेड आणि अंधार एवढंच सांगतो. खिडकी कुठे आहे ते कळतं.

मुचिरी


नैरोबी
१८ जून २०२०

बाबा,

काल सकाळी सातपासून बाजाराच्या तोंडाशी उभी होते. ट्रक अकराला आला. कोबी उतरले, तुम्ही उतरला नाहीत.

किमोथो माझ्याकडे बघेना. म्हणाला, ‘नाक्यावर म्हाताऱ्याला उतरवलं. बाकीचं त्यालाच विचार, मला सांगवत नाही.’ एवढं बोलून तो गोण्या मोजत बसला.

घरी पोचलात का? कुणी दुखवलं का? मी जिना उतरते, फाटकाला हात लावते आणि वर येते. दुसरं काही सुचत नाही. लवकर लिहा.

न्याकियो


न्जाबिनी
२८ जून २०२०

आई,

घरी आहे. कुणी दुखवलं नाही. ताप होता म्हणून उशीर झाला, साधाच होता, उतरला.

नाक्यावर बाई होती. हवालदार की फौजदार ते दिसलं नाही, आवाजावरून तुझ्या वयाची. किमोथोने काच खाली केली आणि मी माझं सांगितलं. तिने कागद वाचला आणि ती, आजोबांना मारतात तशी हाक मारून, माझ्या कानाशी मोठ्याने बोलली.

‘गुका, याची तारीख गेली आहे.’

‘माहीत आहे.’

‘मग आलात कशाला?’

‘तुला विचारायला आलो.’

ती म्हणाली, ‘मी सोडलं आणि वर कळलं तर माझं नाव लिहून घेतील.’

आई, तिने अगदी हेच शब्द वापरले. मी म्हणालो, माझंही तेच झालं होतं. तिला ते कळलं नसणार. तिने मला हात धरून उतरवलं, माझी पिशवी स्वतः खाली ठेवली. स्वतःची खुर्ची दिली. तिच्या कपातून चहा दिला, साखर जास्त होती. म्हणाली की पलीकडून रिकामा ट्रक आला की घरी पोचवते.

तीन तास बसलो. समोरून गाड्या जात होत्या, मी फक्त आवाज ऐकत होतो. एकेक गाडी थांबायची आणि पुढे जायची. कोबी गेले, बटाटे गेले, दूध गेलं. तेव्हा मला कळलं की अथी रिव्हरच्या फलाटावर गाडी सुटताना कसं वाटतं. ताठ बसावं लागतं, नाहीतर माणूस खचतो. माझी आई पोट दुखत असल्यासारखी दिसत नव्हती, तू बरोबर पाहिलंस.

त्या बाईवर माझा राग नाही. तिचं चुकलं नाही आणि तिने बरोबरही केलं नाही. ती म्हातारी होईल तेव्हा तिला हा कोट आठवेल, त्याचं मला वाईट वाटतं.

खिडकी कालपर्यंत कळत होती. आज सकाळी वाइरीमूला विचारावं लागलं. ढग असतील असं ती म्हणाली.

माझ्या आईने मला काही म्हटलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर मी त्या आजवर उशाशी घेऊन झोपलो असतो. सात वर्षांनी ती वारली, तोवर एक शब्द काढला नाही.

मुचिरी


नैरोबी
६ जुलै २०२०

बाबा,

दुपारी बातमी आली. उद्या पहाटे नाके उठतात. पहिल्या गाडीने निघते आहे, उद्या तुमच्या फाटकाशी असेन. गुरुवारी डॉक्टरीणबाईंकडे जायचं आहे. त्या म्हणाल्या, उशीर झाला आहे, किती झाला ते बघून सांगते. मी तुम्हाला खोटी आशा लावणार नाही.

किमोथो आत्ता निघतोय, म्हणजे हे पत्र माझ्याआधी पोचेल. उद्या भेटायचं तर पत्र कशाला? कारण समोर आले की मला रडू येईल आणि तुम्हाला ऐकू येणार नाही. किमोथोचा आवाज माझ्यापेक्षा मोठा आहे.

किमोथो, पुढचं अंगणात उभा राहून वाच. वाइरीमूला बोलव. रस्त्याने कोण जात असेल त्यालाही थांबव.

बाबा, अथी रिव्हरला तुम्ही गाठोडं खाली ठेवलंत आणि स्टेशन मास्तरशी बोलायला गेलात. मी खिडकीत होते. पोटाचं खरं मला तेव्हाच माहीत होतं, पत्रात विचारलं ते तुम्ही स्वतः सांगावं म्हणून. शोशो खिडकीशी आली. ती माझ्याशी बोलली हे तुम्हाला माहीत आहे असंच मी आजवर धरून चालले होते. तुमचं मागचं पत्र वाचून कळलं की नाही.

ती म्हणाली, ‘न्याकियो मी आणि न्याकियो तू. दोघींना एक जागा पुरे. नीट बघ आणि आलीस की मला सांग.’

मी सांगितलं. त्या वर्षी आणि पुढची पाच वर्षं. आपण परतलो की दुसऱ्या दिवशी ती मला विहिरीपाशी न्यायची आणि सगळं विचारायची. पाणी कुठवर येतं, भरतीला आवाज कसा होतो, खारट म्हणजे किती खारट. मी विसरले तर रागवायची, म्हणायची, तू माझे डोळे घेऊन गेलीस आणि वाटेत झोपलीस. तुम्ही विहिरीकडे यायला लागलात की ती गप्प व्हायची आणि मला बादली धरायला लावायची. एकदा मी विचारलं, बाबांसमोर का नाही बोलायचं? ती म्हणाली, ‘त्याला लागेल.’

तुमच्या आईने समुद्र सहा वेळा पाहिला, बाबा. तुम्हाला कळू न देता पाहिला, एवढंच.

१९८४ चा फोटो मी बरोबर आणते आहे. तुम्ही अंगणात बसा. त्यात काय काय आहे ते मी तुमच्या कानाशी सांगेन, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत.

न्याकियो